चढावर शहाणी, उतारावर आडवी: ४५०ची गाडी आणि डोंगरातला कच्चा रस्ता

अर्धीवाट
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आता धागा काढायची वेळ आली आणि कारण अगदी लाजिरवाणं आहे. परवाच्या डोंगरवाटेवर मी दोनदा पडले. दोन्ही वेळा वेग किती, तर माणूस पायी चालतो तेवढा.

मोटरसायकल ४५० सीसीची, एक सिलिंडर, पुढे २१ इंची चाक, मागे १७. नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर पुढचे चाळीस प्रतिसाद ती गाडी घ्यावी का घेऊ नये यावरच जातील. डांबरावर चार-पाच वर्षं चालवतेय, कच्च्या रस्त्यावर हे दुसरंच वर्ष. चढ मस्त गेला. दगडगोटे, पाण्याने खणलेल्या चाकोऱ्या, एके ठिकाणी नुकतीच दरड काढलेली, सगळं उभं राहून पार केलं आणि खिंडीपर्यंत स्वतःवर जाम खूश होते. खिंड जवळपास ३००० मीटर उंचीवर. तिथे पंधरा मिनिटं थांबले, फोटो काढले, पाणी प्यायले आणि पलीकडे उतरायला लागले.

तिसरीच हेअरपिन (इंग्रजी यूसारखं आवळलेलं वळण), उजवीकडे वळणारी. आतल्या अंगाला उतार एकदम तीव्र आणि त्यावर सुपारीएवढी सुटी खडी पसरलेली. पहिला गिअर होता. मागचा ब्रेक दाबला तर पेडल बुटाखाली टकटकटक करत उलटं वर यायला लागलं आणि गाडी काही थांबेना. समोर कडा. घाबरून पुढचा ब्रेक आवळला, तोवर हँडल वळलेलं होतं. पुढचं चाक असं गेलं की पाय टेकायलाही वेळ मिळाला नाही. ब्रेक लेव्हर वाकली, आरसा गेला, गुडघ्याच्या पॅडने गुडघा वाचवला.

गाडी उचलली, वीस मिनिटांनी पुढच्याच एका वळणावर हीच गोष्ट पुन्हा, तश्शीच. नंतर दोन किलोमीटर मी गाडीवर बसून दोन्ही पाय जमिनीवर घासत उतरले, बदकासारखी.

सकाळी चढाच्या अधेमधे बरेच उतार होते. तिथे हाच मागचा ब्रेक छान काम करत होता, चाक थोडं घसरायचं पण गाडी थांबायची. मग दुपारी काय बदललं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. टायरमध्ये हवा दोन्हीकडे २५ पीएसआय, मागे रॅकला बांधलेली बॅग साधारण २२ किलो.

शेवटचा गिअर
टायर बदला. कंपनीचे टायर डांबराचे असतात, खडीवर त्यांचं काही चालत नाही. गुट्ट्यांचे टायर टाका, विषय संपला.

निवांत_नाना
सर्वप्रथम, हाडं शाबूत आहेत हे वाचून बरं वाटलं. आता कानउघाडणी. उतारावर खडीत पुढच्या ब्रेकला बोटसुद्धा लावायचं नाही. आम्ही शिकलो तेव्हा गुरुजींनी पुढची लेव्हर सुतळीने बांधून ठेवली होती. मागचा ब्रेक आणि पहिला गिअर, बाकी देवाची कृपा. तुम्ही पुढचा आवळलात तिथेच खेळ संपला.

पाचवा स्पोक
नाना, आदर राखून असहमत. पुढचा ब्रेक आवळला म्हणून पडल्या हे खरं, पण ‘पुढचा वापरूच नका’ हा त्यावरचा इलाज नव्हे.

साधा हिशेब बघा. सपाटीवर उभ्या गाडीचं वजन दोन्ही चाकांवर साधारण निम्मं निम्मं. गाडी नाक खाली करून उतारावर आली की काही वजन पुढे सरकतं, ब्रेक लावला की आणखी सरकतं. म्हणजे उतारावर थांबायची वेळ येते तेव्हा वजनाचा मोठा हिस्सा पुढच्या चाकावर असतो आणि मागचं चाक हलकं झालेलं असतं. पकड वजनातून येते. ज्या चाकावर वजनच नाही ते एकटं दोनशे किलोची गाडी आणि वर माणूस कसं रोखेल? तीव्र उतारावर नुसता मागचा ब्रेक लावून गाडी फार तर वेग वाढू देत नाही. थांबायला पुढचा लागतोच.

फरक आहे तो हँडलचा. चाक सरळ असताना पुढचा ब्रेक एका बोटाने, लिंबू पिळावं तसा हळूहळू वाढवत नेला तर खडीवरही चालतो. चाक वळलेलं असताना तोच ब्रेक म्हणजे आडवं होण्याचं आमंत्रण, कारण टायरची सगळी पकड आधीच वळण्यात खर्च होत असते. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, इथे मदत करेल या भरवशावर राहू नका. साधं एबीएस चाक फिरतं ठेवतं, पण वळलेलं चाक बाजूला घसरायला लागलं की त्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

म्हणजे थांबण्याचं सगळं काम वळणाच्या आधी, सरळ रेषेत उरकायचं. वळणात शिरताना क्लच पूर्ण सोडलेला, पहिला गिअर, मागचा ब्रेक किंचित टेकवलेला. बस.

तरीपण मूळ प्रश्नाचं उत्तर यातून मिळत नाही. मागचा ब्रेक सकाळी चालत होता आणि दुपारी नाही, हे गूढच आहे.

खडीफोड
एकच प्रश्न. खिंडीत फोटो काढायला थांबलात तेव्हा किल्ली बंद केली होती का?

अर्धीवाट
हो. पंधरा मिनिटं थांबले होते, बंदच केली. का?

खडीफोड
आणि सकाळी निघताना मागच्या चाकाचं एबीएस बंद केलं होतं?

अर्धीवाट
अरे देवा.

हो, केलं होतं. पायथ्याशी कच्चा रस्ता लागला तेव्हा मेनूत जाऊन मागचं बंद केलं. पुन्हा बघितलंच नाही. म्हणजे किल्ली फिरवली की ते परत चालू होतं?

खडीफोड
बहुतेक गाड्यांमध्ये होतं. सुरक्षिततेसाठीच तसं ठेवलेलं असतं, डांबरावर कुणी विसरून एबीएसशिवाय फिरू नये म्हणून. काहींमध्ये नुसत्या लाल बटणाने इंजिन बंद केलं तर सेटिंग टिकतं, किल्लीने बंद केलं तर जातं. तुमच्या गाडीचं काय आहे ते घरी उभ्या उभ्या तपासा, दोन मिनिटांचं काम.

आणि आता दुसऱ्या पडण्याचं कोडंही सुटतं. गाडी आडवी झाली की कलण्याचा सेन्सर इंजिन बंद करतो. परत सुरू करायला किल्ली बंद-चालू करावी लागते. म्हणजे खिंडीत एबीएस पुन्हा बंद केलं असतंत तरी पहिल्यांदा पडल्यानंतर ते परत चालूच झालं असतं. पडलेला माणूस हात थरथरत असताना मेनूत जात नाही. मी स्वतः याच कारणाने एका दिवसात तीनदा पडलोय, तुम्ही दोनदाच, अभिनंदन.

पाचवा स्पोक
खडीफोड, साष्टांग नमस्कार. पेडलची टकटक वाचूनही माझ्या डोक्यात आलं नाही.

नवीन वाचकांसाठी: डांबरावर एबीएस देवमाणूस आहे. सुट्या खडीवर मागच्या चाकाच्या बाबतीत मात्र उलटं होतं. लॉक झालेलं चाक खडीत रुततं, पुढे खडीचा छोटा ढीग लोटत नेतं आणि तो ढीगच पाचर मारल्यासारखा गाडीला अडवतो. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, दर क्षणी ब्रेक सोडतं, चाक त्या ढिगावरून गोलगोल पुढे जात राहतं. म्हणून ‘दाबतेय पण थांबत नाही’. ब्रेक बिघडलेला नसतो, तो त्याच्या समजुतीप्रमाणे अगदी चोख काम करत असतो.

पुढचं एबीएस मात्र चालूच ठेवा. मागचं चाक लॉक होऊन घसरलं तर गाडी शेपूट हलवते, पेडल सोडलं की सरळ होते. पुढचं लॉक झालं तर सावरायला वेळच मिळत नाही.

निवांत_नाना
हे एबीएस-फेबीएस आमच्या वेळी नव्हतं, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो, हाडं तेवढी मोडायची. पुढच्या ब्रेकबद्दल स्पोकरावांचं म्हणणं डोक्याला पटलं, हाताला पटायला एक पावसाळा लागेल.

अवांतर: ४५०च्या गाडीला कुणी ‘मध्यम’ म्हटलं की मला गंमत वाटते. १९७९च्या जानेवारीत पहिली पॅरिस-डाकार शर्यत संपली तेव्हा सिरिल नव्हूने ती यामाहाच्या एक्सटी ५००वर जिंकली होती. एक सिलिंडर, ४९९ सीसी. बीएमडब्ल्यूची आर ८० जी/एस १९८० साली आली आणि तिथून गाड्या फुगत गेल्या. आज तिचंच घराणं १२०० सीसीच्या पुढे गेल्यावर आपण परत पाचशेच्या आत आलोय आणि त्याला नवीन लाट म्हणतोय.

शेवटचा गिअर
म्हणजे टायर बदलायचे नाहीत?

मातीतली
बदला हो, कुणी अडवलंय. पण गुट्ट्यांच्या टायरलाही हेच एबीएस सोडून देतं.

अर्धीवाट, एबीएसने एक कोडं सुटलं, सगळं नाही. धाग्यात तुम्ही म्हणालात मागे २२ किलो. ते रॅकवर, म्हणजे मागच्या चाकाच्या आसाच्याही पलीकडे. तराजूच्या दांडीसारखं आहे ते. आसाच्या मागे ठेवलेला प्रत्येक किलो मागे दाबतो आणि पुढचं चाक उचलतो. मागचं सस्पेन्शन बसलं की पुढचा फोर्क जास्त आडवा होतो, गाडी वळायला आळशी होते. वळणात पुढचं चाक जिथे न्यायचं तिथे न जाता बाहेर बाहेर सरकतं. चढावर हे कळत नाही, कारण तिथे थ्रॉटल चालू असतो आणि वेग आपल्या हातात असतो. उतारावर वळताना कळतं.

प्रीलोड, म्हणजे मागच्या स्प्रिंगचा आधीच दिलेला ताण, बदलला होता का? बहुतेक लोक गाडी घेतल्यापासून त्याला हातच लावत नाहीत. मोजायची पद्धत सोपी आहे, दोन माणसं आणि एक टेप लागते. गाडी मुख्य स्टँडवर किंवा ठोकळ्यावर घेऊन मागचं चाक हवेत लटकू द्या. आसापासून वर सरळ रेषेत सीटखाली एक खूण करा, अंतर मोजा. मग सगळं सामान बांधून, हेल्मेट-बूट घालून गाडीवर बसा, दुसऱ्याला तेच अंतर मोजू द्या. दोन्हींतला फरक सस्पेन्शनच्या एकूण प्रवासाच्या, म्हणजे चाक जितकं वर-खाली हलू शकतं त्या अंतराच्या, पाव ते एक तृतीयांश असावा. तुमच्या गाडीचा प्रवास २०० मिमी असेल तर ५० ते ६५ मिमी. जास्त भरला तर प्रीलोड आवळा. आवळूनही बसत नसेल तर सामान कमी करा, दुसरा उपाय नाही.

आणि जड वस्तू पुढे आणा. हत्यारं, ट्यूब, पाणी टाकीच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत. मागे फक्त कपडे आणि झोपायची पिशवी. माझ्या एका सहलीत मी तंबूचे खांब आणि स्टोव्ह मागून काढून टाकीजवळ आणले, तेवढ्यानेच गाडी वेगळी वाटायला लागली.

अर्धीवाट
प्रीलोडला हात लावलेला नाही, कुठे असतो हेही आता पुस्तिकेत शोधलं. आणि हत्यारांची पिशवी कुठे होती विचारू नका. (सगळ्यात मागे. सगळ्यात वर.)

अजून एक. उतारावर उभं राहायचं की बसायचं? उभी राहिले की गुरुत्वमध्य खाली येतो असं सगळीकडे वाचलंय, पण मला तर उतारावर उभं राहिलं की डोक्यावर आपटू असं वाटतं.

पाचवा स्पोक
गुरुत्वमध्य खाली येतो ही जुनी अफवा आहे. तुम्ही उभ्या राहिलात म्हणजे तुमचं शरीर वर गेलं, मध्य खाली कसा येईल? फायदा वेगळाच आहे. बसल्यावर तुम्ही आणि गाडी एकच गाठोडं असता, दगडावर गाडी डावीकडे फेकली की तुम्हीही जाता. उभं राहिल्यावर गुडघे आणि घोटे मधल्या स्प्रिंगसारखे काम करतात. गाडी खाली नाचत राहते, तुम्ही वर स्थिर. शिवाय पाच फूट पुढचं दिसायच्या ऐवजी तीस फूट पुढचं दिसतं, आणि माझ्या मते निम्मा फायदा याचाच.

मातीतली
त्यात माझी भर. उतारावर उभं राहून पुढे पडल्यासारखं वाटतं कारण वजन हातावर येतं. कंबर मागे न्या, गुडघ्यांनी टाकी धरा, हात सैल. तपासायची खूण अशी: चालत्या गाडीवर क्षणभर बोटं उघडून पियानो वाजवल्यासारखी हलवता आली पाहिजेत. येत नसतील तर तुम्ही हँडलला लटकलेल्या आहात आणि त्या भराने नकळत ब्रेकही आवळाल.

दुसरं, लेव्हर. शोरूममधून येताना त्या बसलेल्या माणसाच्या मनगटाला जुळवलेल्या असतात. उभं राहिलं की मनगट वर मुडपतं आणि बोटं उशिरा पोचतात. लेव्हर थोड्या खाली फिरवा. पकडीचे बोल्ट हाताने जोर लावला तर लेव्हर फिरेल एवढेच आवळा, म्हणजे पडल्यावर ती मोडण्याऐवजी गोल फिरते. मागच्या ब्रेकचं पेडलही बघा. जाड बूट घालून उभं राहिल्यावर पायाचा पंजा तिथे नीट पोचतो का? बऱ्याच गाड्यांत ते खालीच असतं. मग माणूस एकतर पोचत नाही, नाहीतर सगळं वजन टाकून धाडकन दाबतो.

पण अगदी आवळलेल्या, तीव्र हेअरपिनवर वेग चालण्याइतका असेल तर मी सरळ बसते आणि आतला पाय मोकळा ठेवते. उभंच राहिलं पाहिजे असा काही धर्म नाही.

खडीफोड
हेअरपिनच्या रेषेबद्दल कुणी बोललंच नाही. अशा वळणात आतला कोपरा सगळ्यात वाईट असतो. उतार तिथे सर्वात तीव्र, कारण तेवढीच उंची कमी अंतरात उतरायची असते. पाणी तिथूनच वाहतं, ट्रकची मागची चाकं तिथेच खणतात, खडी तिथेच साठते. बाहेरून रुंद जा. अंतर जास्त, उतार कमी, जमीन घट्ट. फक्त खालून कुणी येत असेल तर त्यालाही तीच बाहेरची जागा हवी असते. म्हणून वळणाच्या आधी खालच्या रस्त्यावर नजर टाकायची, हॉर्न वाजवायचा, मोठं वाहन दिसलं तर सरळ भागातच थांबायचं.

आणि नजर. तुम्ही लिहिलंय ‘समोर कडा’. कड्याकडे बघितलं की हात कड्याकडे जातात. हनुवटी वळवून जिथे बाहेर पडायचं तिकडे बघा, पोटात गोळा आला तरी.

इंजिनवाला
उशिरा आलोय, पण हवेचा आणि उंचीचा मुद्दा राहिलाय, तो लिहितो.

तुम्ही पायथ्याशी २५ भरलीत. मापकाला टायरमधला खरा दाब कळत नाही, बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त तेवढंच तो सांगतो. पायथा समुद्रसपाटीला धरला तर तिथे बाहेरचा दाब १४.७ पीएसआय, ३००० मीटरला साधारण १०.२. म्हणजे टायरमधली हवा तेवढीच, तापमानही तेवढंच राहिलं तर वर मापक २५च्या जागी साडेएकोणतीस दाखवेल. आणि टायरला तो तितका फुगलेलाच वाटतो, हा काही मापकाचा भास नाही.

यात मेख अशी की वर सकाळी थंडी असते. तिशीतून पाच अंशांवर आलं की तोच दाब उतरून २६च्या आसपास येतो. म्हणून पहाटे वर जाऊन तपासलं तर वाटतं काही बदललं नाही. दुपारी ऊन आणि दगडांवरची मेहनत, टायर गरम, झाले साडेएकोणतीस. तुम्ही दुपारी पडलात. मुख्य कारण हे आहे असं मी म्हणत नाही, पण कडक टायर सुट्या खडीवर गोळ्यांवरून पळतो तसा पळतो.

फार कमीही करू नका. तुमच्या सामानासह ट्यूबच्या टायरला अणकुचीदार दगडांत १८-२० केलं तर रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटते, सापाने चावल्यासारखी दोन भोकं पडतात. नुसती माती किंवा वाळू असेल तर कमी, धारदार दगड असतील तर थोडी जास्त. मी सामान असताना २३-२४ ठेवतो आणि वर पोचल्यावर दुपारी पुन्हा बघतो.

उंचीचा इंजिनवर परिणाम सगळ्यांना चढावर दिसतो. ३००० मीटरला पंचवीस ते तीस टक्के ताकद जाते, चाळीस घोड्यांचे अठ्ठावीस-तीस उरतात. इंधन इंजेक्शन मिश्रण जुळवून घेतं, पण नसलेली हवा कुठून आणणार? लोकांना दिसत नाही ते उतारावरचं. थ्रॉटल बंद असताना इंजिन गाडीला ओढून धरतं, त्यातला एक भाग बाहेरच्या हवेच्या दाबावर अवलंबून असतो. विरळ हवेत तो भागही घटतो. शिवाय स्लिपर क्लच असेल तर तो मुद्दामच ही ओढ सौम्य करतो. खालच्या सवयीने ‘पहिल्या गिअरमध्ये गाडी आपोआप धरून राहील’ असं वाटतं आणि वर ती थोडी मोकळी पळते.

निवांत_नाना
इंजिनवाले, वाचनखूण साठवली. इतकी वर्षं डोंगरात फिरतोय आणि मापक खोटं बोलतो म्हणून त्यालाच शिव्या देत होतो.

शेवटचा गिअर
अवांतर: ओढे ओलांडायचं कुणीतरी सांगा.

खडीफोड
त्यासाठी वेगळा धागा काढा. थोडक्यात: तळ दिसत नसेल तर आधी स्वतः चालून बघा, बर्फ वितळून येणारं पाणी असेल तर सकाळीच ओलांडा कारण दुपारी ते वाढतं, आणि गाडी पाण्यात पडून इंजिनात पाणी गेलं असेल तर स्टार्टर दाबू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, मग बाकीचं.

मातीतली
गाडी उचलायचंही सांगून टाकते, कारण अर्धीवाटने एकटीने दोनदा उचलली आणि तिसऱ्यांदा पाठ गेली असती. वजनं बघा: होंडा सीआरएफ ३००एल १४२ किलो, हिमालयन ४५० १९६, बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस २४९. मधली गाडी एकट्याने उचलता येते, पण पद्धतीनेच. आधी इंजिन बंद, बॅग सोडा (ती सोडायचा कंटाळा करू नका, २२ किलो आहेत), गाडी गिअरमध्ये टाका. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर उचलून पलीकडे पाडाल. पाठ सीटला टेकवा, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची कडी, कणा सरळ आणि छोटी छोटी पावलं मागे टाकत पायांनी उचला. चाकं चढाकडे आणि सीट उताराकडे अशी पडली असेल तर आधी जमिनीवरच फिरवून चाकं उताराच्या दिशेला आणा. आणि आधी पाच मिनिटं बसा. पडल्या पडल्या लाजेपोटी घाईने उचलणारे लोकच पाठ धरून घरी येतात. बघायला कुणी नसतंच तिथे.

अर्धीवाट
पंधरा दिवसांनी परत आलेय. सगळ्यांचं ऐकलं आणि थोडा अभ्यास केला, तो मांडते.

आधी प्रीलोड. मातीतलीच्या पद्धतीने मोजलं, सामानासह ८५ मिमी बसत होती! हूक पान्याने आवळत आवळत ७० वर आली, हत्यारं आणि पाणी पुढे आणल्यावर ६२. मागची बॅग आता १३ किलो आहे. त्या ९ किलोंपैकी ४ पुढे गेले आणि ५ घरीच राहिले. त्यात एक सुटा चार्जर, दुसरी जीन्स आणि एक न वाचलेली कादंबरी होती.

मग एक रिकामा, खडीचा, सरळ, मध्यम उतार शोधला. खाली भरपूर सपाट जागा असलेला. एक दगड मांडून खूण केली. ताशी २० वेगाने यायचं, दगडापाशी ब्रेक लावायचा, कुठे थांबले ते पावलांनी मोजायचं. प्रत्येक प्रकार पाच वेळा. मागचं एबीएस चालू, फक्त मागचा ब्रेक: २६ पावलं, एकदा तर थांबलेच नाही, खाली सपाटीवर गेले. मागचं बंद, फक्त मागचा: १७. मागचं बंद आणि चाक सरळ ठेवून पुढचा हळूहळू दाबत, दोन्ही मिळून: ८.

आठ! नाना, तुमची सुतळी सोडा आता.

पुढचा ब्रेक खडीवर दाबताना पहिल्यांदा हात अक्षरशः ऐकत नव्हता. मेंदू म्हणत होता दाब, बोट म्हणत होतं तू दाब. पाचव्या-सहाव्या खेपेला कळलं की चाक घसरायच्या आधी हँडलमध्ये बारीकशी कुरकुर जाणवते, वाळूवर पाट ओढल्यासारखी. तिथेच दाब वाढवणं थांबवायचं.

शेवटी त्याच खिंडीत गेले. वर थांबले, फोटो काढला, लाल बटणाने इंजिन बंद केलं. माझ्या गाडीत तेवढ्याने सेटिंग टिकतं, किल्लीने जातं, खडीफोडांनी सांगितल्यासारखंच. तरी टाकीवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात ‘मागचं?’ लिहून ठेवलंय. दुपारी हवा तपासली, २८ होती, २४ केली. तिसऱ्या हेअरपिनला बाहेरून गेले. आतल्या कोपऱ्यात माझ्या आरशाची काच अजून चकाकत होती, ती उचलून आणली.

पडले नाही. सातव्या वळणावर मात्र पडले, पण ते उभ्या गाडीवरून, पाय टेकायला गेले तिथे जमीनच खाली होती.

मातीतली
उभ्या गाडीवरून पडणं मोजत नाहीत. उतारावर थांबताना नेहमी डोंगराच्या बाजूचा पाय टेकायचा.

निवांत_नाना
सुतळी सोडली. काल उतारावर पुढचा दाबून बघितला, चक्क थांबली. बायको मागे बसली होती, ती म्हणाली आज पहिल्यांदा न ओरडता उतरलो.

शेवटचा गिअर
पण टायर कुठले घेतलेत शेवटी?